१९६९ ची फियाट: हॉट रॉडपासून आरसी बुकापर्यंत

जुनी गाडी घ्यायची असं ठरलं तेव्हा आम्हा दोघांच्या डोक्यात दोन निराळ्या गाड्या होत्या. मला हवी होती वडिलांनी मुंबईत टॅक्सी म्हणून चालवली तशी फियाट, फक्त काळी-पिवळी नको. नवऱ्याला हवी होती हॉट रॉड. १९३०-४० च्या दशकांत कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड-बॉनेट काढून वजन उतरवायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि सुकलेल्या तलावांच्या सपाट तळावर शर्यती लावायची. त्या गाड्यांचे व्हिडिओ बघण्यात आमच्याकडची रात्रीची जेवणं गार व्हायची. रत्नागिरीजवळच्या आमच्या मालगुंडला सुकलेला तलाव नाही, आरे-वारेचा चढ आहे, हे मी सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये घाटावरच्या एका गावात गाडी सापडली. फियाट ११०० डिलाइट, १९६९ ची, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. आधीच्या मालकाने तिची निम्मी हॉट रॉड करून ठेवली होती. प्रीमियरच्याच नंतरच्या ११८ एनई गाडीतलं निसान ए-१२ इंजिन, जमिनीवरचा गिअर, रुंद अलॉय व्हील आत जावेत म्हणून मागच्या चाकांवरचा पत्रा कापलेला, गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगचे पाटे काढलेले. नवऱ्याचा चेहरा बघून मी समजले की आता भाव कमी होणार नाही.

मूळ इंजिन कुठाय, असं मी विचारलं. ते गोठ्यात, गोणपाटात गुंडाळलेलं निघालं. आरसी बुक काढून नंबर पडताळला. पुस्तकातला इंजिन नंबर गोणपाटातल्या इंजिनावर होता, गाडीत बसलेल्यावर नव्हता. बॉनेटखालचा चॅसी नंबर मात्र जुळत होता. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा टॉर्च, तारेचा ब्रश आणि खडू घेऊन जा. गंजलेल्या आकड्यांवर खडू घासला की ते उठून दिसतात. रंग, सीट, स्टिअरिंग नंतर बघा.

परत येताना गाडीत कोणी फार बोललं नाही. घरी आल्यावर मी कायदा वाचायला घेतला. माझी नोकरी कागदांचीच आहे, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. रंग बदलणं चालतं, आरसीवर नोंद करून. सांगाड्यात कापाकापी चालत नाही.

मग विंटेज नोंदणीचं बघितलं. जुलै २०२१ पासून त्यासाठी स्वतंत्र नियम आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण त्यात दोन गोष्टी आमच्या आड येत होत्या. एक म्हणजे गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. दुसरी म्हणजे अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. आम्हाला तर रत्नागिरीच्या बाजारात तिच्यातून जायचं होतं. म्हणजे राहिला साधा मार्ग: पंधरा वर्षांपेक्षा जुन्या कुठल्याही गाडीसारखं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आणि त्यासाठीही गाडी आरसीबरहुकूम हवी.

हा वाद महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालला. "अगं, रस्त्यावर दहातल्या सहा जीपा मॉडिफाय केलेल्या असतात," हे त्याचं म्हणणं. खोटं नव्हतं. माझं म्हणणं विम्याचं होतं. उद्या कुणाला धक्का लागला आणि कंपनीने इंजिन नंबर बघून हात वर केले, तर भरपाई आपल्या खिशातून. शेवटी तो तयार झाला, पण अट घालून: रंग त्याच्या पसंतीचा, आणि पडवीच्या शेजारची पूर्ण खोली गाडीला. दोन्ही मान्य केलं.

व्यवहार १ लाख २५ हजारांत ठरला, दोन्ही इंजिनं धरून. त्यातले २५ हजार आम्ही ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे गाडी दुसऱ्या आरटीओत न्यायला जुन्या आरटीओची परवानगी, हातात येईपर्यंत थांबवले. हे प्रत्येकाने करावं. पैसे पूर्ण मिळाल्यावर विकणाऱ्याला आरटीओत हेलपाटा घालायचा उत्साह राहत नाही, तो माणूस कितीही भला असो. हस्तांतराच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, ना हरकतीचा फॉर्म २८, सगळ्यावर विकणाऱ्याच्या सह्या एका बैठकीत घेतल्या आणि कोऱ्या फॉर्मांचा एक जादा संचही सही करून ठेवला. जुन्या आरसीवरची सही आणि आजची सही जुळत नाही म्हणून पुष्कळ अर्ज परत येतात.

आरसीची मुदत मार्च २०२३ मध्येच संपली, त्यामुळे गाडी चालवत आणणं शक्य नव्हतं. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, ती ट्रकवर चढवून आंबा घाटातून खाली आणली. भाडं १४ हजार. सासूबाईंनी अंगणात उतरलेली गाडी बघितली आणि मुलाला म्हणाल्या, "हे डबडं कशाला आणलंस रे? तुझ्या आजोबांच्या वेळची डुक्कर फियाट बरी होती." खरी डुक्कर फियाट म्हणजे पन्नाशीच्या दशकातली, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. आमची ती नव्हे. पण गावात आजतागायत तिला तेच म्हणतात, मीही दुरुस्त करणं सोडून दिलंय.

ना हरकतीचा अर्ज एप्रिलमध्ये दिला होता. तो अडकला, कारण संगणकातल्या नोंदीत चॅसी नंबरातला एक आकडा गळलेला होता. जुन्या रजिस्टरवरून नोंदी चढवताना असं होतं. दुरुस्तीसाठी लागलं ते असं: मूळ आरसी बुक, चॅसी नंबराचा पेन्सिल-प्रिंट, शंभराच्या स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र, गाडीचे चारही बाजूंनी फोटो, आणि गाडी चोरीची नाही याचा एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या) संकेतस्थळावरून काढलेला दाखला. प्रिंट काढायची पद्धत साधी आहे. आकड्यांवर पेन्सिल घासायची, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, ती उचलून कागदावर चिकटवायची. तीन-चार जादा काढून ठेवा, प्रत्येक टेबलाला एक लागतो. प्रमाणपत्र जुलैच्या शेवटी आलं. मधल्या काळात एका एजंटने सगळं मिळून २५ हजार सांगितले होते. आम्ही नको म्हटलं, कारण आमच्याकडे वेळ होता. ज्याच्याकडे नाही त्याने एजंट केला तर मी नाव ठेवणार नाही.

कागद तिकडे चालत होते तोवर इंजिन इकडे पडवीत होतं. चारही पिस्टन सिलेंडरला चिकटलेले. नवऱ्याने प्लग काढून आत डिझेल ओतलं आणि रोज थोडं थोडं ओतत राहिला. पावसाळ्याच्या सुरुवातीला, लाकडाचा ठोकळा ठेवून हळू हळू ठोकल्यावर पहिला पिस्टन सुटला. कधी नव्हे ते त्याने मला कामावर फोन केला. लोखंडी पहार घालून जोर करायचा सल्ला अनेकांनी दिला होता, तो आम्ही ऐकला नाही.

तिथून इंजिन पिकअपमध्ये घालून कोल्हापूरला, उद्यमनगरात. तिथे अजून असे मशिनिस्ट आहेत जे ११०० चं इंजिन नुसतं बघून ओळखतात. ब्लॉक बोअर करणं, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, बेअरिंग, सगळं तिथे झालं. ओव्हरसाइज पिस्टन मुंबईहून, ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून आले, त्यासाठी थांबावं लागलं. इंजिनाचा खर्च ६२ हजार, क्लच आणि हँडल गिअरची (स्टिअरिंगजवळच्या दांड्याच्या मूळ गिअरची) जोडणी ११ हजार. दसऱ्याच्या सुमारास १०८९ सीसीचं ते इंजिन बाकड्यावर बांधून सुरू केलं. निसानच्या मानाने ताकद कमीच, चाळीसेक अश्वशक्ती. नवरा ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "आवाज बरा आहे." त्याच्याकडून ही मोठी दाद होती.

जोडकामात आम्ही एक नियम पाळला: एकाने बोल्ट खोलायचा, दुसऱ्याने फोटो काढून पिशवीवर चिठ्ठी लावायची. भांडणं अर्धी झाली. उरलेली अर्धी पाने-पक्कड जागेवर न ठेवण्यावरून होती, ती अजून चालू आहेत.

पत्र्याचं काम मात्र खरं परीक्षा बघणारं निघालं. फियाटला जीपसारखी वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पेट्या कुजल्या की गाडी मधून वाकते. घेताना तपासायची युक्ती अशी: जॅक लावून एक बाजू उचला आणि दरवाजा उघडझाप करून बघा. दरवाजाची फट बदलली किंवा दार अडकलं, तर पेट्या गेल्या. आमच्या गेल्या होत्या, आणि वर मागच्या चाकांवरचा पत्रा कापलेला. रत्नागिरीच्या आमच्या डेंटर चाचांनी बोटाने रंग दाबला तर बोट आत गेलं. "वहिनी, ही गाडी लांबीवर उभी आहे, पत्र्यावर नाही," ते म्हणाले. लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. ती सगळी खरवडली. पेट्या नव्या पत्र्याच्या केल्या, आणि कापलेल्या भागासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून भंगारातल्या पद्मिनीचा (याच फियाटचं नंतरचं नाव) मागचा तुकडा आणला. वेल्डिंग सीओटूचंच करून घ्या, गॅसच्या उष्णतेने पातळ पत्रा वेडावाकडा होतो. रंगासकट १ लाख १५ हजार.

हे काम चालू असतानाच ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतली काळी-पिवळी फियाट टॅक्सी रस्त्यावरून गेली. सगळीकडे हळहळ. मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "गेली एकदाची. त्या गिअरने खांदा धरायचा माझा."

रंगाबद्दल दिलेला शब्द पाळावा लागला. नवऱ्याला काळ्यावर केशरी ज्वाळा हव्या होत्या. मग आरसीवर रंग काय लिहायचा, ज्वाळा? असं मी विचारल्यावर गाडी गर्द हिरवी झाली आणि ज्वाळा गाडीच्या खोलीच्या दारावर रंगवल्या गेल्या. येणारा-जाणारा थांबून बघतो. निसान इंजिन, अलॉय व्हील आणि बकेट सीट विकून ३८ हजार परत आले. वायरिंगला साडेतेरा हजार, १४ इंची पाच टायर १६ हजार, रेक्झिनच्या सीटा १४ हजार. कागदांचा खर्च धरून एकूण साडेतीन लाखांच्या घरात गेलं. ही गाडी कोणी एवढ्याला घेणार नाही हे आम्हाला आधीपासून माहीत होतं.

जानेवारी २०२४ मध्ये कागदांची दुसरी फेरी सुरू झाली. आधी विमा. इतकी जुनी गाडी ऐकून काही ठिकाणी नको म्हटलं, मग एके ठिकाणी फक्त थर्ड पार्टी मिळाला: १००० ते १५०० सीसीच्या गटाचा दर ३,४१६ रुपये, वर जीएसटी. विंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला यात निम्मी सूट आहे, आपल्याला नाही. मग पीयूसी. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, नव्या गाड्यांपेक्षा बरीच सैल. तरी पहिल्यांदा काटा वर गेला. एअर फिल्टर बदलून कार्बोरेटरचा मिक्सचर स्क्रू जरा आवळल्यावर खाली आला. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच पीयूसीला जा, थंड इंजिन चोकवर असताना हमखास नापास होतं.

हस्तांतर, पत्ताबदल (फॉर्म ३३), रंगाची नोंद आणि नूतनीकरण (फॉर्म २५) यांचे अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरले. नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, मुदत टळल्याबद्दल महिन्याला ५०० रुपये वेगळे, आणि पर्यावरण कर ३,००० रुपये. आरसीवर दोघांची नावं घालता येतील का, असं मी खिडकीवर विचारलं. मालक एकच, असं उत्तर आलं. मात्र २०२१ पासून नॉमिनी नोंदवता येतो. म्हणून गाडी माझ्या नावावर आणि नॉमिनी नवरा. "म्हणजे तू गेल्यावरच माझी," असं तो सगळ्यांना सांगत असतो.

तपासणीचा दिवस मार्चमध्ये मिळाला. आदल्या दिवशी आम्ही वायपर, हॉर्न, ब्रेक लाइट, मागचे रिफ्लेक्टर, हँडब्रेक असं सगळं एकेक करून बघितलं. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे एका बाजूला ओढते का हे रिकाम्या रस्त्यावर तपासावं लागतं. निरीक्षक साहेबांनी आधी नंबर पाहिले, मग खाली वाकून पेट्यांचं वेल्डिंग पाहिलं, मग इंजिन चालू करायला सांगितलं. माझ्या घशाला कोरड पडली होती. साहेबांनी हेडलाइटचा झोत खाली करायला सांगितला, तो तिथेच स्क्रू फिरवून केला, आणि सही झाली. आरसीचं कार्ड एप्रिलमध्ये पोस्टाने आलं.

खरी देखभाल त्यानंतर सुरू झाली, कारण कोकणात गाडी बंद इंजिनाने मरत नाही, दमट हवेने मरते. समुद्र आमच्यापासून जेमतेम एक किलोमीटरवर. खारं वारं बाराही महिने, वर चार महिन्यांचा पाऊस. पहिल्या पावसाळ्याआधी आम्ही खोलीची जमीन कोबा करून घेतली, मातीच्या जमिनीतून ओल वर येते आणि तळ खाते. प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर कधीही घालू नका, आत घाम धरतो. आमच्या गाडीवर सासूबाईंच्या जुन्या गोधड्या आहेत. दारांच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मे महिन्यात तारेने मोकळी करायची. खालच्या बाजूला अंडरकोटिंग, आणि जिथे ब्रश पोचत नाही तिथे, पेट्यांच्या पोकळीत, पिचकारीने पातळ ग्रीस-तेल. समुद्राकाठी फिरून आलं की गोड्या पाण्याने तळ धुवायचा, वरची बाजू नंतर. आणि उंदीर. वायरिंगचा आवडता शत्रू. आम्ही बॉनेट उघडंच ठेवतो, अंधार नसला की ते बसत नाहीत. सीटवर मांजर झोपतं, तेही चालवून घेतो.

पावसात गाडी बाहेर काढत नाही, पण आठवड्यातून एकदा इंजिन तापेपर्यंत चालू ठेवून अंगणात पुढे-मागे करतो. नुसतं सुरू करून लगेच बंद केलं तर सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून कुजतो. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, इथेनॉल ओल खेचतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालणाऱ्या रबराचा घातला. जूनमध्ये टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवत नाही.

उन्हाळ्यातला त्रास वेगळा. गेल्या मे महिन्यात आरे-वारेच्या चढावर गाडी बंद पडली. पेट्रोल पंप तापून आत वाफ धरली होती. पंपावर ओलं फडकं गुंडाळलं, दहा मिनिटं समुद्र बघितला, सेल्फ मारला, गाडी चालू. फियाटवाल्या जुन्या ड्रायव्हरांची ही युक्ती वडिलांनी सांगून ठेवली होती. डिकीत एक जाड फडकं आणि पाण्याची बाटली कायम असते.

२०२५ मध्ये हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं प्रकरण आलं. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९. बुकिंग करताना चॅसी आणि इंजिन नंबर संगणकातल्या नोंदीशी जुळावे लागतात. दोन वर्षांपूर्वी तो गळलेला आकडा भरून घेतला होता, म्हणून आमचं पहिल्या प्रयत्नात झालं. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी प्लेटची वाट न बघता आपली नोंद आधी तपासून घ्यावी.

सध्या पुढच्या ड्रमचे व्हील सिलेंडर पाझरतायत, किट मागवलंय. आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १० हजार झाली आहे. पुढच्या खेपेची ती कोणी भरायची यावर बोलणी चालू आहेत. गाडी माझ्या नावावर असल्याने फी मी भरायची, असं नॉमिनीचं म्हणणं आहे.